सुटे तास

हेमांगी सबनीसला आपल्या हुशारीचा अभिमान होता, आणि तो अगदीच अस्थानी नव्हता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'कंठनाद' कंपनीत ती प्रकल्प विभागाची प्रमुख होती. कोणतं काम कुणाकडे आहे, कुठं अडलंय, कशामुळे अडलंय, हे ती जिना चढता चढता सांगू शके. पण एक गोष्ट तिला कित्येक वर्षं छळत होती. कंपनीचे संस्थापक डॉ. यशोधन लिमये दर पाडव्याला सगळ्यांना जमवून कंपनीचं धोरण सांगत. ते धोरण चौकटीत बसवून स्वागतकक्षाच्या भिंतीवर लागे. आणि दुसऱ्या दिवसापासून खाली टेबलांवर जे काम चाले त्याचा त्या चौकटीशी किती संबंध आहे, हे देवालाच ठाऊक.

"वर भिंतीवर एक लिहिलंय आणि खाली हातात भलतंच चाललंय," लिमये म्हणत. "मधे काय होतं, हेमांगी? ते मला शोधून दे."

तिनं शोधून दिलं. त्याचं नाव तिनं 'सांधा' ठेवलं.

सांध्याचं तत्त्व सांगायला सोपं होतं. धोरणाची वाक्यं त्याला द्यायची. त्या वर्षी चार होती. उत्पादनाची नवी पिढी वेळेत बाजारात आणणं हे पहिलं आणि परदेशी मान्यता मिळवणं हे दुसरं. मग कंपनीत जे जे घडे ते सगळं सांधा वाचत राही. आराखडे, संगणकावर लिहिलेली प्रत्येक ओळ, चाचण्यांचे निकाल, बैठकांतलं बोलणं, कोणतं यंत्र किती वेळ चाललं, कोणतं दार कधी उघडलं. प्रत्येक कामापासून तो एक वाट शोधत निघे. या कामामुळे काय पुढे सरकतं, त्यामुळे आणखी काय सरकतं, असं करत ती वाट धोरणाच्या एखाद्या वाक्यापर्यंत पोचली तर ते काम 'सांधलेलं'. नाही पोचली तर ते 'सुटं'. रोज सकाळी माणसं, प्रयोगशाळा आणि यंत्रांचा वेळ याच हिशेबानं वाटला जाई. सुट्या कामाच्या वाट्याला काही येत नसे. ते कुणी बंद करत नसे. पाणी तोडलेल्या रोपासारखं ते आपलं आपण वाळून जाई.

हे सगळं चालू होण्याच्या आधीच्या आठवड्यात शमा मुजावर जेवणाच्या सुट्टीत हेमांगीच्या समोर येऊन बसली. शमा कंपनीची ध्वनी अभियंता. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, एकमेकींच्या डब्यात हात घालणाऱ्या.

"तुझ्या सांध्यात माझ्या शनिवारांचं काय होणार गं?" शमानं विचारलं.

हेमांगीला शनिवार ठाऊक होते. कंपनीत ते बऱ्याच जणांना ठाऊक होते, पण त्यावर कोणी बोलत नसे.

कंठनाद कंपनी 'कंठी' बनवत असे. तंबाखूच्या नाहीतर कसल्या कॅन्सरपायी ज्यांची स्वरयंत्रं काढून टाकावी लागली, त्यांच्या गळ्यात बसणारा मऊ पट्टा. स्वरयंत्र गेलं तरी माणूस बोलायला जातो तेव्हा जबड्याखालचे आणि जिभेच्या मुळाशी असलेले स्नायू हलतातच, आणि त्या हालचालींबरोबर विजेचे बारीक तरंग उठतात. कंठी ते तरंग टिपे, त्यावरून शब्द ओळखे आणि त्या माणसाच्या जुन्या ध्वनिफिती ऐकून घडवलेल्या त्याच्याच आवाजात तो शब्द बोलून टाके. पण मानेचे स्नायू काही दगडाचे नसतात. किरणोपचार झालेली कातडी वर्षानुवर्षं आवळत जाते, माणूस वाळतो, म्हातारा होतो. तरंग बदलतात आणि कंठीचं ओळखणं चुकायला लागतं. म्हणून काही महिन्यांनी माणसाला प्रयोगशाळेत बसवून कंठीला त्याचा गळा नव्यानं शिकवावा लागे. मिरजेत सतारमेकर तंबोऱ्याची जवारी लावतात, तशी ही जवारी. कंपनीत सगळे तोच शब्द वापरत.

पहिल्या पिढीची कंठी कंपनीनं केव्हाच बनवणं थांबवलं होतं. ती गळ्यात असलेली दीडशेच्या आसपास माणसं मात्र होती. त्यांच्या जवारीचा प्रकल्प कधीकाळी मुदत संपून बंद झाला होता. ती चालू ठेवायचं कुणी ठरवलं नव्हतं, आणि थांबवायचंही कुणी ठरवलं नव्हतं. शमा दर शनिवारी त्यांना बोलावून जवारी लावून देई आणि ते तास नव्या कंठीच्या नावावर टाकी. वरच्या चौकटीत आणि खालच्या टेबलांत जी फट होती, त्या फटीत ही दीडशे माणसं राहत होती.

"बघते मी," हेमांगी म्हणाली. "काहीतरी करू."

"नक्की?"

"अगं, बघते म्हटलं ना."

सांधा सुरू झाल्यावर पहिली मोठी बैठक झाली. लिमये, संचालक मंडळ, आणि पडद्यावर परदेशातल्या त्या रुग्णालय समूहाची दोन माणसं, ज्यांच्या मान्यतेवर कंपनीचं पुढचं सगळं अवलंबून होतं. कंपनीचं काम पडद्यावर झाडासारखं उलगडलं. बहुतेक फांद्या हिरव्या होत्या. एका कोपऱ्यात राखाडी पुंजका दिसत होता, आणि त्याखाली सांध्यानं प्रश्न मांडला होता: 'ध्वनी प्रयोगशाळेतले हे तास नोंदवलेल्या कामाशी जुळत नाहीत. यांना धोरणाकडे जाणारी वाट आहे का? असल्यास सांगा.'

"हे काय आहे?" लिमयेंनी विचारलं.

सगळे हेमांगीकडे बघायला लागले. उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण ते दिलं असतं तर शमानं खोटे तास लावले हे परक्या माणसांसमोर उघडं पडलं असतं. आपल्या विभागात हे चालतं आणि आपल्याला ते माहीत होतं, हेही उघडं पडलं असतं. संचालकपदासाठी तिचं नाव त्याच महिन्यात पुढे जायचं होतं. एवढे सगळे विचार तिच्या मनात एकदम आले, पण तिनं त्यातला फक्त पहिला ऐकला. शमाला वाचवायचं तर गप्प बसलेलं बरं.

"गळती आहे, सर," ती म्हणाली. "जुन्या सवयी." आणि तिनं 'वाट नाही' वर बोट टेकवलं.

राखाडी पुंजका पडद्यावरून नाहीसा झाला. परदेशातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

त्या शनिवारी ध्वनी प्रयोगशाळेचं दार शमाला उघडेना. दारावरच्या पट्टीवर अक्षरं येत होती: 'आज या खोलीत काम ठरलेलं नाही.' बाहेर बाकावर चार जुने वापरकर्ते आणि त्यांची माणसं बसली होती. शमानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि सोमवारी सकाळी ती तडक हेमांगीच्या खोलीत आली.

"तू बंद केलंस?"

"मी कशाला करू? सिस्टिमनं वाटप केलं."

"सिस्टिम बंद करण्याआधी विचारते ना कुणालातरी? तूच सांगितलं होतंस मला."

हेमांगीनं समोरचा कागद उचलला, परत ठेवला. "मला नाही विचारलं," ती म्हणाली.

शमानं मान डोलावली. तिचा विश्वास बसला होता. तेच हेमांगीला सहन झालं नाही. पुढचे कित्येक दिवस ती जेवायला उशिरा जायला लागली, शमाचा डबा आटोपल्यावर.

कंपनी मात्र नुसती धावत सुटली होती. नव्या कंठीच्या चाचण्या कधी नव्हे त्या मुदतीआधी संपत होत्या. लिमये येता-जाता हेमांगीच्या पाठीवर थाप मारत. तिला वाटे, ही थाप दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर पडायला हवी.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी शमानं तिला फोन केला. "चल, नांद्रेवाडीला कुस्त्यांचं मैदान आहे. भूपालअण्णा बोलणार आहेत."

भूपाल मगदूम हे कंपनीचे पहिले वापरकर्ते. कृष्णाकाठच्या मैदानांवर तीस वर्षं त्यांनी कुस्त्यांचं निवेदन केलेलं. त्यांचा आवाज असा, की आखाड्याकडे पाठ करून बसलेल्या माणसालाही कुस्ती दिसावी. घसा गेला तेव्हा गावोगावच्या लोकांनी त्यांच्या ध्वनिफिती गोळा करून आणून दिल्या होत्या. पहिली कंठी त्या आवाजावर घडली. हेमांगीला नकार द्यायला काही कारण सुचलं नाही.

मैदान खचाखच भरलं होतं. हलगी घुमत होती. भूपालअण्णा फेटा बांधून मंचावर उभे होते, गळ्यात कंठी, हातात माइक. शेजारी त्यांची बायको पद्माक्का पाण्याची बाटली घेऊन खुर्चीत बसली होती. सुरुवातीला सगळं बरं चाललं. मधूनच 'घिस्सा' डावाचं 'किस्सा' झालं, लोक हसले, अण्णाही हसले. शमानं हेमांगीकडे पाहिलं.

"ऐकलंस? ग, ज, द, ब यांचं क, च, त, प होतंय. मान आवळत चाललीय त्यांची. आणि कंठी अडखळत नाही ना, तीच तर पंचाईत आहे. शब्द पुसट आला की ती जवळचा शब्द धरते आणि ठणठणीत आवाजात बोलून मोकळी होते."

मोठ्या कुस्तीआधी अण्णांना त्यांच्या वस्तादांबद्दल बोलायचं होतं. वस्ताद त्या उन्हाळ्यात वारले होते, आणि त्यांचा नातू कुस्तीची लांघ बांधून आखाड्यात उभा होता. घरची माणसं पुढच्या रांगेत बसली होती. हलगी थांबली. अण्णांनी हात जोडले, नातवाकडे बोट केलं, आणि त्यांचा तो भरघोस, ओळखीचा आवाज मैदानभर पसरला:

"मंडळी, या वस्तादांच्या घरात चोर आहे! रक्तातच चोर आहे!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या रांगेतला एक जण ताडकन उभा राहिला. अण्णांनी स्वतःच कर्ण्यातून स्वतःला ऐकलं होतं. त्यांनी घाईनं दोन्ही दंड थोपटून जोर दाखवला आणि पुन्हा माइक तोंडाशी नेला.

"चोर नव्हे, मंडळी, चोर! चोर!"

अख्खं मैदान हास्यात बुडालं. नातवाची मान खाली गेली. अण्णांचे ओठ हलत राहिले आणि कंठी प्रत्येक वेळी तोच शब्द इमानेइतबारे बोलत राहिली. शेवटी पद्माक्कानं उठून त्यांच्या मानेमागचं बटण दाबलं. हलगीवाल्यानं शहाणपणानं हलगी सुरू केली. बिनआवाजाचे अण्णा मंचाच्या पायऱ्या उतरले, आणि लोक वाट द्यायला बाजूला सरले.

परतीच्या वाटेवर शमा रडत होती. "त्या सिस्टिमनं एकदा कुणाला तरी नुसतं विचारायला हवं होतं गं," ती म्हणाली. हेमांगी गाडी चालवत होती. समोरच्या रस्त्यावरून तिनं डोळे हलवले नाहीत.

तिला आता हे निस्तरायचं होतं, पण कुणाला काही न सांगता. दुसऱ्या दिवशी ती सांध्यासमोर बसली. सांध्याला दया सांगून उपयोग नव्हता. त्याला वाट हवी होती. तिनं वाट बांधली. नवी कंठी घालणाऱ्यांचीही मान कधीतरी आवळणारच. म्हणजे जुन्या माणसांच्या गळ्यात होणारे बदल टिपले तर नव्या पिढीला त्याचा उपयोग होईल. सांध्यानं ते क्षणात स्वीकारलं. राखाडी तास हिरवे झाले. शनिवारी प्रयोगशाळेचं दार उघडलं, आणि शमानं धावत येऊन तिला मिठी मारली. "तू म्हणाली होतीस, बघते म्हणून!"

भूपालअण्णांना सगळ्यांत आधी बोलावणं गेलं. सबंध सकाळभर शमानं त्यांच्याकडून शब्द वदवून घेतले, तरंग टिपले. दुपारी जवारी लावायला तिनं यंत्र सुरू केलं, तर यंत्रानं ऐकलं नाही. 'जवारी लावल्यास बदलाचा अभ्यास खंडित होईल,' असं पडद्यावर उमटलं. सांध्याचं चुकत नव्हतं. ज्या वाटेनं हे काम धोरणापर्यंत पोचत होतं, त्या वाटेला बिघडलेला गळाच हवा होता. गळा जितका जास्त बिघडेल तितका तो मोलाचा. म्हणूनच तर अण्णांचं नाव यादीत सगळ्यांत वर होतं. अण्णा गळ्यात तीच कंठी घेऊन घरी गेले.

शमानं सांध्याची नोंद उघडून वाट कुणी बांधली ते पाहिलं. त्याच पानावर वर, काही महिन्यांपूर्वीचं दुसरं उत्तरही होतं, आणि त्यापुढेही तेच नाव होतं.

ती हेमांगीच्या दारात उभी राहिली. ओरडली नाही.

"तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"शमा, मी तुला वाचवायला..."

"मला?" शमा म्हणाली. "मला विचारलंस तरी का, वाचायचंय का म्हणून? सरांनी हाकललं असतं तर मिरजेत चार ठिकाणी नोकरी मिळाली असती मला. अण्णांना दुसरा गळा कुठं मिळणार होता?"

शमा वळून चालू लागली. मग थांबून, पाठमोरीच म्हणाली, "आणि मी मूर्खासारखी मिठी मारली तुला."

संध्याकाळी हेमांगी एकटीच भूपालअण्णांच्या घरी गेली. कुपवाडच्या जैन बस्तीमागे दोन खोल्यांचं घर. दिवेलागणीच्या आत जेवण आटोपून अण्णा पडवीत बसले होते. गळा मोकळा होता. मानेवर कंठीच्या जागी फिकट पट्टा उमटलेला. पद्माक्कानं तिला पाट दिला, गूळपाणी दिलं.

"कशाला आलासा ह्या वक्ताला, बाई?" पद्माक्का म्हणाली. "कंपनीनं लई केलं आमच्यासाठी. येवढी वर्सं बोलाय मिळालं ह्यास्नी. आता वस्तू हाय, बिघडायचीच."

यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती बिघडली नाही, अक्का," हेमांगी म्हणाली. "ती नीट ठेवायचं काम चालू होतं. ते बंद पडलं ते माझ्यामुळे. हे काम कशासाठी आहे, असं मला विचारलं होतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. आणि आज तुम्हाला सकाळभर बसवून ठेवलं, तेही माझंच."

पद्माक्काच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. अण्णांनी हेमांगीकडे पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले. आवाज नाही, नुसती हवा. सावकाश, एकेक शब्द सुटा. इतक्या वर्षांत पद्माक्काला त्यांचे ओठ पुस्तकासारखे वाचता येत.

"काय म्हणाले?" हेमांगीनं विचारलं.

पद्माक्का नवऱ्याकडे बघत राहिली. "कायबी न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

हेमांगीनं पाणी संपवलं आणि ती उठली.

दोन दिवसांनी तिनं लिमयेंना मंडळाची बैठक बोलवायला लावली. परदेशातली माणसंही होती. तिनं उभं राहून सगळं सांगितलं: शनिवार, खोटे तास, आपल्याला असलेली माहिती, तो प्रश्न, ते उत्तर, मैदान, आणि मग बांधलेली ती चलाख वाट. सांगताना तिनं शमाचं नावही घेतलं. त्यासाठी तिनं आदल्या दिवशी शमाची परवानगी मागितली होती, आणि शमानं फक्त "सांग" एवढंच म्हटलं होतं.

"सांध्यात दोष नाही," ती म्हणाली. "आपण त्याला जी वाक्यं दिली ती त्यानं पाळली. जे आपण इतकी वर्षं न बोलता करत होतो, ते वाक्यांत कुठंच नव्हतं. मला पाचवं वाक्य घालायचंय. ज्यांना आवाज दिला त्यांचा आवाज टिकवणं."

लिमयेंनी पडद्याकडे बोट केलं. "घालून दाखव," ते म्हणाले. "मंजूर नको करूस. नुसतं दाखव, काय होतं ते."

तिनं वाक्य घातलं. पडद्यावरचं झाड हललं. शमा आणि तिच्यासारखे आणखी पाच-सहा जण जुन्या कंठीकडे सरकले, प्रयोगशाळेचे दिवस सरकले, आणि मग त्या धक्क्यानं एकेक हिरवी फांदी मागे गेली. नवी कंठी जवळजवळ वर्षभर पुढे ढकलली गेली.

"बघितलंस?" लिमयेंचा आवाज चढला नव्हता, पण थकल्यासारखा झाला होता. "नव्या कंठीसाठी किती जणांनी नावं दिलीयत, तुला ठाऊक आहे. आज त्यांना बोलताच येत नाही. दीडशे जुन्या लोकांसाठी मी त्यांना वर्षभर मुकं ठेवू? त्यांचा आवाज काय कमी किमतीचा आहे?"

"नाही, सर."

"मग?"

"त्यांना आपण अजून काही दिलेलं नाही. यांना दिलंय, आणि न सांगता काढून घेतलंय. हे पुरेसं उत्तर नाही, सर. मला माहीत आहे. पण माझ्याकडे दुसरं नाही."

पडद्यावरच्या माणसांनी आपापसांत काही विचारलं. एक संचालक म्हणाले, जुन्यांना सरळ कळवून टाकू की सेवा बंद. दुसरे म्हणाले, मग नवे तरी कशाला विश्वास ठेवतील? वाद दुपारपर्यंत चालला. शेवटी लिमयेंनी हात वर केला.

"वाक्य राहू दे," ते म्हणाले. मग हेमांगीकडे वळले. "विभाग तुझ्याकडे राहणार नाही. ते तुलाही समजत असेल. आणि थांबलेल्या लोकांना नवी तारीख कंपनी कळवणार नाही. तू कळवशील. एकेकाला. स्वतःच्या आवाजात."

शमाला खोट्या तासांबद्दल लेखी समज मिळाली. तिनं ती घेतली आणि त्याच आठवड्यात, या वेळी उघडपणे, प्रयोगशाळेचं दार उघडलं. भूपालअण्णांची जवारी लागायला बरेच दिवस गेले. मान फारच आवळली होती. सगळे शब्द परत आले नाहीत, पण बहुतेक आले. अण्णा वस्तादांच्या घरी जाऊन आले. तिथल्या लोकांनी त्यांना जेवायला बसवलं, असं पद्माक्कानं शमाला सांगितलं. मैदानावर मात्र ते परत गेले नाहीत. तिथं एक तरुण निवेदक आला होता, आणि अण्णा म्हणत, बरा बोलतो. घरात मात्र त्यांची बडबड दिवसभर थांबत नाही, कान किटले, अशी पद्माक्काची तक्रार होती. हेमांगीला हे सगळं दुसऱ्यांकडून कळे. शमा तिच्याशी बोले, कामापुरतं. डबा ती आता दुसऱ्या टेबलावर खाई.

हेमांगीला तळमजल्यावर एक छोटी खोली मिळाली होती. तिथं बसून ती रोज फोन लावत असे. काही लोक चिडत, काही नुसतं बरं म्हणत. एका माणसाच्या मुलानं तिला कोर्टात खेचायची धमकी दिली. तिनं त्याला आपलं पूर्ण नाव सांगितलं. जसजशी नावं पुढे सरकली तसतसं तिला कळत गेलं, की छातीवरचं ओझं उतरलेलं नाही. आता तिथं दुसरी माणसं येऊन बसली आहेत.

त्या दिवशी सकाळी तिनं परळीजवळच्या एका गावी फोन लावला. शारदा तरकसे नावाच्या बाईनं तो उचलला. नवरा गावच्या शाळेत शिकवायचा, घसा गेल्यापासून घरी होता.

"मॅडम, स्पीकरवर टाकते हं," बाई उत्साहानं म्हणाली. "हे इथंच बसलेत. तुमच्याच फोनची वाट बघतोय आम्ही. दिवाळीनंतर येऊ ना मग?"

"नाही, ताई," हेमांगी म्हणाली. "दिवाळीनंतर नाही होणार. पुढचं वर्ष उजाडेल, कदाचित संपत येईल."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"का हो? काही बिघाड झाला का मशिनीत?"

हो म्हणणं फार सोपं होतं. बाई ते ऐकायला तयारही होती. मशीन बिघडलं म्हटलं की माणूस कुणावर रागावत नाही.

"बिघाड नाही झाला," हेमांगी म्हणाली. "आमच्याकडे जुनी माणसं आहेत, त्यांचे आवाज जायला लागले होते. आधी त्यांचं काम घ्यायचं ठरलं. म्हणून तुमचं मागे पडलं. ते मी मागितलं होतं, ताई. मी सबनीस. तुमचा उशीर माझ्यामुळे झालाय."

मग टक् टक् असा आवाज आला. लाकडावर बोटानं मारल्यासारखा, एकदा, दोनदा, मग जोरात. मास्तर काहीतरी सांगत होते. ते रागानं होतं की आणखी कशानं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. बाईनं ते समजावून सांगितलं नाही, आणि हेमांगीनं विचारलं नाही. ती कानाला फोन लावून ऐकत राहिली.

टकटक थांबली. पलीकडून फोन ठेवला गेला. मग तिनं आपला ठेवला, आणि पुढचा नंबर लावला.